विहीर, सायकल आणि पळणारा भाचा

"आता घरीच ठेवा, आवडेल ते खायला घाला," असं सांगून पुण्याच्या डॉक्टरांनी मामांना परत पाठवलं. कॅन्सर सगळीकडे पसरला होता. एसटीत मामी पदर तोंडाला लावून रडत होती आणि मामा खिडकीशी बसून चिडलेले. "खायला घाला म्हंजी? बोकड हाय का मी?"

मामा शाळेत पीटीचे मास्तर होते. सायकलच्या शर्यतीत तालुक्यात त्यांना कोणी मागं टाकलं नव्हतं, असं निदान ते तरी सांगायचे. मी रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला होतो, केंदूरला त्यांच्याच मळ्यात राहायचो आणि कॅन्टीनच्या जेवणावर पोट वाढवत होतो. त्या सुमारास पेपरात एका शर्यतीची बातमी आली. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. मामांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

"जायच्या आदी एवढं एकदा करायचंय," ते म्हणाले. "हीर हाय, सायकल हाय, रस्ता सरकारचा हाय. आन् जोडीला तू."

त्यांना नाही म्हणता आलं असतं तर आज माझे गुडघे शाबूत असते.

मला पोहता येत नव्हतं. मामांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. विहिरीत सरळ पोहायला जागा कुठली, गोल गोलच फिरायचं. बाहेर आलो की मळाही फिरायला लागायचा. मामा थोडं पोहून पायरीवर बसायचे. धाप लागली की तोंड भिंतीकडं करायचे आणि मग जास्तच जोरात शिट्टी फुंकायचे. ते बघून मला कंटाळा केल्याची लाज वाटायची.

पळायची पाळी आली तेव्हा खरा घोळ झाला. आमच्याकडं शहाणासुरता माणूस सकाळी उगाच पळत नाही. पळतो तो कुणाचं तरी काहीतरी झाल्यावरच. त्यात मी पांढरी हाफ पॅन्ट आणि पांढरं बनियन घालून मळ्याकडून निघालेला. स्टँडवरच्या चहावाल्या आप्पांनी विचारलं, "काय झालं रं?" मला बोलायला दम नव्हता. आता काही विचारू नका, अशी हातानंच खूण केली आणि पुढं गेलो.

शाळेला वळसा घालून परत आलो तर आप्पांचा स्टोव्ह बंद. एसटीडीवाल्यानं खुटबावच्या पाव्हण्यांना फोनही करून टाकलेला. रस्त्यानं माणसं मुकाट्यानं मळ्याकडं चालली होती. मला वाटलं, माझ्या पाठीमागं मामा गेले. त्यानंतर जो पळालो, तसा जन्मात पळालो नाही.

विहिरीपाशी ही गर्दी. बाया रडायला लागलेल्या. तेवढ्यात मामा निथळत वर आले, टॉवेल शोधला आणि म्हणाले, "जय भीम मंडळी. कोण गेलं?"

मामी चुलीवर पातेलं आदळून म्हणाली, "एवढ्यांना च्या कोण करणार?" खुटबावचा टेम्पो आला तो रडतच आला. मामांची थोरली बहीण उतरली, भावाला पाहिलं, गप्प झाली, आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घालून नव्यानं रडायला लागली.

"आलाच हाय तर बघून जावा," मामा म्हणाले. पुन्हा विहिरीत उतरले. डबा पाठीला बांधून मीही. मग फाट्यापर्यंत सायकल, तिथून पळत परत. मामा पळाले, चालले, बाभळीखाली बसले, पुन्हा पळाले. मयतीला आलेली माणसं बांधावर उभी राहून ओरडत होती. मावशी सगळ्यात मोठ्यानं, "पळ रं माझ्या लेकरा!" मामांनी विहिरीच्या काठाला हात लावला तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते आणि तोंडभर हसू होतं. मला भडभडून आलं. दोघांच्या शर्यतीत मी दुसरा आलो होतो, हेही त्याला कारण असेल.

पुढं मामांचं उठणं बंद झालं, पण माझं पळणं त्यांनी बंद होऊ दिलं नाही. खाटेवरनं शिट्टी वाजायची. गावालाही सवय झाली. "आज उशीर केला," आप्पा चहा गाळता गाळता ओरडायचे.

उन्हाळ्यात विहीर आटली आणि एका पहाटे मामा गेले. मामी म्हणाली, "गावात सांगून ये." मी पायात चपला घातल्या. पळावंसं फार वाटत होतं, पण पळालो असतो तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं.

मी चालत स्टँडवर गेलो. आप्पांनी मला लांबूनच चालत येताना पाहिलं आणि स्टोव्ह बंद केला.