सलीमने दुरुस्त केलेला प्रोग्रॅम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी राजुरीचा, जुन्नरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. पुण्याहून सुटे भाग आणून वीस मशीन मी स्वतः जोडली होती. माझी नोकरी कायम. जोडीला सलीम — माझ्याच वयाचा, वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. मीच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. त्याची नेमणुकीची ऑर्डर मात्र दरवर्षी नव्याने निघायची.

आणि पोरं शंका घेऊन त्याच्याकडे जायची. प्राचार्य चहाला त्याला हाक मारायचे. मला का नाही? मी जळायचो — रोज, आतल्या आत.

मग तपासणी आली. प्रत्येक मशीनमध्ये काय-काय आहे त्याची यादी हवी होती. त्यासाठी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम होता — काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली की प्रोसेसर, मेमरी, सगळं सांगायचा. आमच्या मशीनवर तो पहिल्याच ओळीला बंद पडायचा. चार दिवस मी डोकं आपटलं. सलीमने एका दुपारी शोधून काढलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "मशीनचं नाव लई लांब झालंय. पोग्रामनं ठेवल्याली जागा त्याला पुरत न्हाई."

नाव? ते मशीन जोडताना मीच आत घातलं होतं. टेम्पोच्या कपाळावर रंगवतात ना, तसं — कुलदैवत प्रसन्न, आईवडिलांचा आशीर्वाद, पुढे माझं आख्खं नाव, मुक्काम पोस्ट राजुरी. वीसही मशीनमध्ये. इंग्रजी अक्षरांत.

तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं का? माझं नाव तसंच ठेवून त्याने प्रोग्रॅमच सुधारला — मावेल तेवढं घ्यायचं, उरलेलं सोडून द्यायचं. कोडच्या वर, पद्धतीप्रमाणे, केलेला बदल आणि स्वतःचं नाव लिहिलं.

प्राचार्यांनी विचारलं, चार दिवस कशात गेले? सलीम शेजारीच उभा होता. आणि मी — किती सहज — म्हणालो, "सलीमनं कायतरी छेडछाड केली व्हती सर. मी नीट केलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या लांब नावाबद्दल एक वाक्य बोलला असता, तर कॉलेजभर माझं हसं झालं असतं. तो म्हणाला, "झालं आसंल सर, माझ्या हातनं."

पुढच्या वर्षी त्याची ऑर्डर निघाली नाही. तो गाद्यांच्या दुकानात बसू लागला.

ते कळलं त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटाच होतो. कोड उघडला, सलीमचं नाव खोडलं, तिथे माझं टाकलं. तेव्हा तरी वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही — बरं वाटलं.