अर्ध्या दुरुस्तीची गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अण्णांना तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडून उभा असतानाही हा विषय मनात आला की मी घाईनं पुढचं स्तोत्र सुरू करतो — जसं काही देवाला ठाऊकच नाही! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बसलो लिहायला, तर तसं काही सोपं जात नाहीये.

आधी अण्णांबद्दल सांगतो. (पाहिलंत? इथेही मी स्वतःपासून सुरुवात करत नाही.) अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा माझं शिक्षण, नोकरीची खटपट, लग्न, सगळं अण्णांनीच केलं. आमचं घराणं बंगळुरात कधी आलं ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही, इतकं जुनं. चामराजपेटेत एकाच घरात खाली अण्णा, वर मी. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे ओठ दाबून हसतात, पण घरात तीच चालते. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सुतासारखे सरळ. दुसऱ्याचं ठेवायचं नाही आणि आपलं सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. मी पन्नाशी गाठली तरी त्यांच्यासमोर माझा आवाज निम्मा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही — नुसतं माहीत असावं म्हणून.

गाडी अण्णांचीच. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. ती एकदा तापायला लागली, म्हणून मागच्या गल्लीतल्या तानाजीच्या गॅरेजात टाकली. तानाजी निपाणीकडचा. मराठी बोलतो, एवढ्याच भांडवलावर तो आमचा 'आपला माणूस' झाला होता. फार मोठा कारागीर होता असं नाही. काम ठीकठाक करायचा, वेळेवर कधीच द्यायचा नाही आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याची सुटका नसायची. त्याचा 'उद्या' कधी उजाडेल ते त्यालाच ठाऊक. पण आमच्याशी बोलताना त्याचा चेहरा खुलायचा. दिवसभर कन्नड नि हिंदी बोलून दमलेल्या माणसाला घरचं कुणी भेटावं, तसं त्याला होत असावं.

त्यात आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं शहर गाड्या पूजतं. बसला केळीचे खांब, रिक्षांना झेंडू, चाकाखाली लिंबं, चौकाचौकात फोडलेले कोहळे. अण्णा म्हणाले, "नवमीला आपली गाडी दुसऱ्याच्या दारात? शक्य नाही. जा, घेऊन ये." शिवाय आमच्या घरात आणखी एक रीत आहे — नवमीच्या पूजेआधी कुणाचं देणं बाकी ठेवायचं नाही. म्हणून अण्णांनी माझ्याजवळ दुरुस्तीचे पूर्ण पैसे दिले आणि 'पूर्ण पैसे पोचले' असं तानाजीकडून लिहून आणायला सांगितलं.

मी गेलो. काम अर्धंच झालं होतं. तानाजीनं डोकं खाजवलं, गाडीभोवती फिरला. सणाच्या सुट्ट्यांमुळे नवा रेडिएटर आला नव्हता, जुन्याचीच गळती त्यानं लेप लावून तात्पुरती थांबवली होती. मी म्हटलं, अण्णा ऐकणार नाहीत. तो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. नवमीला गाडी आपल्या दारातच पायजे." पैसे घेतले, मी सांगितलं तसं लिहून दिलं. मग मी गाडीत बसलो, तेव्हा खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, घरापतोर न्या, पूजा करा, आनि दसरा झाला की परत आणून सोडा. लांब नेऊ नका हां. तापली तर इंजिन जाईल." मी मान डोलावली. त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा मान डोलावली.

हे सगळं मला लख्ख आठवतं. आठवत नाही असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पूजेच्या वेळी गाडी दारात झळकत होती. वहिनींनी औक्षण केलं. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काम नीट झालं ना रे?" — आणि मी म्हटलं, "हो, झालं सगळं." का म्हटलं? अर्धवट गाडी आणलीस म्हणून चारचौघांत बोलणी बसली असती. आणि खरं सांगायचं तर सगळे कौतुक करत होते, सणाच्या आदल्या दिवशी मेकॅनिककडून गाडी सोडवून आणणं ही काय साधी गोष्ट? ते कौतुक मला हवं होतं. आपल्याच तोंडानं आपली फजिती कोण करून घेतो?

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णाच म्हणाले, "आज सासुरवाडीला गाडीनं जा. तुमकूरच्या मंडळींना बन्नी देऊन ये." बन्नी म्हणजे शमीची पानं, सोनं म्हणून आम्ही तीच देतो. आता काय सांगणार होतो? काल 'झालं सगळं' म्हणालेला माणूस आज 'नको, गाडी लांब नेऊ नये' कसं म्हणेल? बायको-मुलं नटूनथटून बसली. निघालो. पीण्या भागातल्या उड्डाणपुलावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. वाटलं, पुलावर कुठे थांबायचं, खाली उतरून बघू. खाली उतरलो, तर वाटलं, आता थोडंच राहिलंय. मुलं मागे गात होती. मी काट्याकडे बघायचंच सोडून दिलं. नेलमंगल गाव ओलांडल्यावर आधी वाफ आली, मग एक घाणेरडा आवाज, आणि गाडी जागेवर थांबली ती थांबलीच. इंजिन जाम.

अण्णांना फोन केला. ते ओरडले नाहीत. एकच विचारलं, "गाडी देताना तानाजी काय म्हणाला होता?"

"काही नाही. झालंय म्हणाला."

एवढंच. मला वाटलं, अण्णा जाऊन त्याला चार शब्द सुनावतील, तो चार शब्द ऐकून घेईल आणि विषय संपेल. पण मी अण्णांना ओळखत नव्हतो का? चांगलाच ओळखत होतो. त्यांनी तानाजीला एक शब्दही सुनावला नाही. ते वकिलाकडे गेले. "पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे," म्हणाले. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं लिहून दिलं की रेडिएटर बदललेलाच नाही, नुसता लेप आहे. पैसे मात्र पूर्ण घेतलेले, तेही तानाजीच्याच अक्षरात. ग्राहक आयोगापुढे मांडलेली आमची एकूण एक गोष्ट खरी होती. एक सोडून. आणि ती एक माझ्या सहीनं होती — 'गाडी ताब्यात देताना कोणतीही सूचना देण्यात आली नाही.' वकिलानं ते प्रतिज्ञापत्र मला वाचून दाखवलं. मी मध्येच खोकलो. मग सही केली.

तानाजीनं वकील केला नव्हता. खरं असल्यावर वकील कशाला, असं त्याला वाटलं असावं. इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि बोलायचं एवढं वेड असलेल्या त्या माणसाच्या तोंडून धड चार वाक्यं निघत नव्हती. त्याला विचारलं, सूचना लेखी दिली होती का? तो म्हणाला, नाही, आपल्या माणसाला लिहून काय द्यायचं. तोंडी सांगितलं होतं. मग म्हणाला, "पण साहेब, गाडी द्यायलाच नको होती मी. सणाचं बघून दिली. ती चूक माझीच." असं कुणी बोलतं का? आमच्या वकिलानं माझ्याकडे वळून नुसत्या भुवया उंचावल्या.

मग मला विचारलं, यांनी तसं तोंडी सांगितलं होतं का? तानाजी माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. आता हे सांगतील, म्हणजे झालं, अशा निवांतपणे बघत होता.

मी म्हणालो, नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दुरुस्तीचे पैसे परत, इंजिनाची भरपाई आणि वर मानसिक त्रासाबद्दल वेगळे. मानसिक त्रास — माझा! अण्णांनी घरात म्हैसूरपाक वाटला. आजही लग्नकार्यात कुणी फसवणुकीचा विषय काढला की अण्णा ही हकिकत सांगतात आणि शेवटी माझ्याकडे बोट करतात, "हा ठामपणे उभा राहिला म्हणून जिंकलो." लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी समोरच्या पानावरची कोशिंबीर चिवडत बसतो.

तुम्ही म्हणाल, कळलं, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, की मी लपवतोय ते आयोगापुढचं खोटं. भ्यालो, बोललो, अडकलो, अशी माणसं असतात. पण ते नाही. ते असतं तर मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो.

तानाजी आता इंजिनाला हात लावत नाही. गॅरेजची जागा सोडली. कुणाच्या तरी दुकानात टायर बदलतो, हवा भरतो. आमच्या गल्लीतले म्हणतात, त्या केसनं त्याचं मन मोडलं. केसनं मोडलेलं नाही. मला माहीत आहे.

भरपाईचा ड्राफ्ट द्यायला तो स्वतः घरी आला होता. यायची गरज नव्हती, वकिलाकडे दिला असता तरी चाललं असतं. अण्णांनी ड्राफ्ट घेतला, बसा म्हणाले, कॉफी दिली. अण्णा हरलेल्या माणसाचा अपमान करणारे नव्हेत. तो निघाला तेव्हा मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो. ऐन दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. अण्णा आत, वामकुक्षीला टेकलेले. स्कूटरला किल्ली लावून तो थांबला.

"साहेब, एक विचारू? केस संपली. पैसे दिले, त्याचं काय नाही. मी कुठं जाणार नाही, कुणाला सांगणार नाही. फक्त मला सांगा, मी त्या दिवशी बोललो होतो नव्हं? लांब नेऊ नका म्हणून? मला तर बोलल्यासारखं आठवतंय. पण घरातली म्हणती, एवढी मोठ्या घरची मानसं शपथेवर खोटं कशाला बोलतील, तुम्हीच इसरला असाल." मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "माझ्या बाचं असंच सुरू झालं होतं वो. आधी न केलेलं केलं म्हणायचा. मग घराची वाट इसरला, शेवटी आम्हाला बी ओळखंना. आता मी एक नट आवळला की दहांदा बघतोय, आवळला का नाही. झोप लागत नाही. तेवढं सांगा."

बघा, इथे अण्णा नव्हते. वकील नव्हता, आयोग नव्हता, पाहुणे नव्हते. केस संपली होती, पैसे आले होते. एका 'हो'नं माझं काहीएक जाणार नव्हतं. तो खरंच कुणाला सांगणार नव्हता, मला माहीत होतं. तो माझ्याकडून न्याय मागत नव्हता. स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच विचारत होता. आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटाच होतो.

"नाही, तानाजी," मी म्हणालो. "तुम्ही काही बोलला नव्हता."

आवाज अगदी शांत होता माझा. प्रेमळसुद्धा. आजाऱ्याशी बोलताना असतो तसा. का बोललो, याची कारणं मी पुष्कळ जमवलेली आहेत. ती इथे देत नाही. त्यातलं एकही खरं वाटेल असं नाही, आणि वाटलं तरी काय?

त्यानं स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली. मग म्हणाला, "सरी." आमच्याशी नेहमी मराठीच बोलणारा तो, पण त्या वेळी कन्नडमधलं 'ठीक आहे' तेवढंच म्हणाला. मग स्कूटर स्टँडवर लावली, माझ्यापुढे आला आणि हात जोडले.

"माझ्यामुळं तुमची पोरंबाळं सणाच्या दिवशी रस्त्यावर उभी राहिली. माफ करा साहेब."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. होतं असं कधीकधी."