कबनूरच्या पत्र्यावरचं ऊन

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी आबा कारखान्यातल्या यंत्रमागावरून थेट कोल्हापूरच्या स्टँडवर आले होते. केसांत कापसाचा भुसा, शर्ट घामानं चिंब. बस हलली तसे खिडकीशी येऊन माझे वडील एवढंच म्हणाले, "हितली काळजी करू नगंस. सगळं बरं हाय."

सहा वर्षं तेच ऐकतेय. घर सोडलेल्या सगळ्यांना हे वाक्य ठाऊक असेल. ते धीर द्यायला बोलतात आणि आपला जीव टांगणीला लागतो. गेल्या उन्हाळ्यात आबा मागाजवळ चक्कर येऊन पडले, ते मला महिन्यानं कळलं, तेही आईच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. पत्र्याची शेड, दुपारचं ऊन आणि साठीचा माणूस. मी इथं एप्रिलमध्येही हीटर लावून बसलेली. स्वतःचाच राग आला.

यंदा आबा फोनवर म्हणाले, "मालकानं पत्र्याला पांढरा रंग मारून घेतलाय. आत लय गार वाटतंय की." मी मनात म्हटलं, मारली थाप.

उपग्रहाच्या आकड्यांवरून जमीन किती ऊन परत पाठवते ते मोजणं, हे माझं काम. डांबर ऊन गिळतं, पांढरं छप्पर परतवून लावतं. आजवर इथलीच शेतं मोजली होती. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गावाचा, कबनूरचा फोटो उघडला. आबांची शेड म्हणजे त्यात दहा-दहा मीटरचे जेमतेम सहा चौकोन. सहाही काळपट! मी तडक फोन लावला आणि बापाला सरळ खोटारडा ठरवलं.

"आगं थांब की जरा! रंगाचं काम कालच संपलंय. तुझा फोटू कवाचा हाय?"

फोटो चार दिवसांपूर्वीचा होता. मी ओशाळले, पण खात्री काही पटेना. पुढच्या खेपेला उपग्रह आला तर नेमके वळवाचे ढग. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र सहाही चौकोन लख्ख उजळले. आकडे तीनदा तपासले आणि ऑफिसातच टेबलावर डोकं ठेवून रडले. आबा खरं बोलले होते.

घर होतं तितकंच लांब आहे. पण तिथलं खरं माझ्यापर्यंत पोचतं, आणि आता तेवढ्यालाच मी घर म्हणते.

परवाच्या रविवारी आबा आपणहून म्हणाले, "गुडघा दुखतोय आठवडाभर. लपवून काय करू, तुला वरनं दिसतंयच की."

काळजी वाटली, आणि केवढं हलकंही वाटलं. वरून गुडघा दिसत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.