पेंटरअण्णांचा संत मार्टिन

पेंटरअण्णा ब्रश दातात धरून बोलायचे, आणि त्यांचं बोलणं बहुतेक वेळा भांडणच असायचं. भूममधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. आणि आमच्या छोट्या चर्चच्या भिंतीवरचा संत मार्टिनही त्यांनीच काढलेला.

फादरांनी त्यांना एका जुन्या, नावाजलेल्या चित्राची छापील प्रत दिली होती. घोड्यावरचा शिपाई मार्टिन थंडीनं कुडकुडणाऱ्या उघड्या भिकाऱ्यासाठी आपला झगा तलवारीनं कापतोय, असं ते चित्र. अण्णांनी घोडा तसाच उतरवला, तलवार तशीच. झग्याची मात्र काळी घोंगडी केली. फादर हसले, तसे अण्णा भडकले. "रेशमी झग्यानं कुणाची थंडी जाती? द्यायचंच तर ऊब येईल असं द्या की!"

भिकारी म्हणून त्यांनी एसटी स्टँडवरच्या दगडूला समोर बसवलं. आठ दिवस, रोज सकाळी. आधी त्याला चहा-पाव, मगच रंगाला हात. "उपाशी माणसाचं तोंड बघितलं की माजा हात हालतो," म्हणायचे. पुढं दगडू वारला. त्याचा फोटो कुणाकडंच नव्हता. तो उरला तेवढा त्या भिंतीवर.

आणि आमच्या चर्चच्या शहाण्या कमिटीला काय सुचावं! रंगकामाच्या बैठकीत ठरलं, की पाहुणे येतात, लग्नाचे फोटो निघतात, समोर उघडा भिकारी बरा दिसत नाही, तेव्हा त्याला पुसून टाकायचं. अरे, त्या भिकाऱ्यापायीच तर तो माणूस संत झाला ना! हे मी तिथंच बोलायला हवं होतं. मी मुकाट्यानं चहा पीत बसलो, आणि त्याची लाज अजून जात नाही.

वर हा निरोप घेऊन मलाच अण्णांकडं धाडलं. त्यांनी दातातला ब्रश काढला. "घोड्याची शेपूट वाढवायची आसंल तर सांग, देतो वाढवून. दगडूवर रंग मारायला म्या येणार न्हाय. मेलेल्याला पुन्हा मारता व्हय रं?"

मग बाहेरगावचा पेंटर आणला. त्यानं दुपारपर्यंत दगडूच्या जागी निळं आभाळ भरून टाकलं.

अण्णा चर्चमध्ये शेवटचे आले ते त्यानंतरच्या रविवारी. मिस्साची प्रार्थना संपल्यावर चपला बाहेर काढून आत आले आणि भिंतीपुढं जाऊन उभे राहिले. कमिटीचे अध्यक्ष हसत पुढं झाले. "कसं स्वच्छ झालं की नाही, अण्णा?"

"लई स्वच्छ," अण्णा म्हणाले. "आता त्याच्या हातातली तलवारबी काढून घ्या. म्होरं कुणीच न्हाय, आन् येड्यावानी चांगली घोंगडी फाडत बसलाय."