उलटा पडलेला कागद

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली बाई. भास, संकेत... असलं कुणी सांगू लागलं की मला हसू यायचं. आजही मानते असं नाही. पण मागच्या वर्षी नांदेडला, माझ्याच घरात, जे झालं ते झालंच.

घरूनच काम करते. खास यूएसबी केबल बनवणाऱ्यांना कनेक्टरच्या आत बसणारी सर्किट बोर्डं डिझाइन करून देते. बोर्ड कसलं, नखाएवढं! हात तयार झाला उदगीरला, रशीदचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. पॉलिटेक्निकच्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. सोल्डरिंगच्या राळेचा धूर, दुरुस्तीला आलेल्या रेडिओंची खरखर, आणि माझं सोल्डरिंग संपलं की चाचांचं ठरलेलं — "पलटा के देख, बेटा."

मग लग्न, नोकरी... तिकडं जाणं सुटलं. तीन वर्षं साधा फोनसुद्धा नाही.

त्या दिवशी कान तपासायच्या यंत्राच्या केबलचं बोर्ड होतं. नोकरी सोडल्यावरचं पहिलं मोठं काम. दुपारचे बारा. डिझाइनचा प्रिंट टेबलावर ठेवला, वर पक्कड ठेवली, चहा टाकायला गेले. घरात एकटी. दाराला कडी, पंखा बंद.

परत आले तर पक्कड बाजूला... आणि कागद पालथा. राळेचा वास येत होता — आठवडाभर सोल्डरिंग गनला हात लावला नव्हता मी!

कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या बाजूनं रेषा दिसल्या आणि चूक लक्षात आली. कनेक्टर बोर्डाला खालून बसणार होता, मी तो वरून काढला होता. सगळ्या पिना आरशातल्यासारख्या उलट्या. तसंच पाठवलं असतं, तर गिऱ्हाइकाचं यंत्र जळालं असतं.

संध्याकाळी न राहवून चाचांच्या मुलीला, नसरीनला फोन लावला.

"अब्बा को अब कुछ याद नै रैता बाजी," ती म्हणाली. "आज सुबे से एकीच रट — पलटा के देख, पलटा के देख. हम समझे, रोटी का बोल रैं."



याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तुम्हाला सुचला तर सांगा. आता महिन्यातून एकदा उदगीरची एसटी धरते. चाचा मला ओळखत नाहीत. नसरीनला हळूच विचारतात, "ये बच्ची किसकी है?" आणि मग तिला म्हणतात, "धूप में आई है बिचारी, पानी तो दे."