लाल मण्याचा लॅपटॉप

आमच्या माण गावात लॅपटॉपचं नवल राहिलेलं नाही. आयटी कंपन्या आल्या आणि गावानं खोल्या भाड्यानं दिल्या तेव्हापासून जिन्याजिन्यावर कुणी ना कुणी तो मांडीवर घेऊन बसलेला असतो. पण आमच्या घरातल्या माणसाचा पहिला लॅपटॉप माझा, जशी घरातली पहिली पदवीही माझीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण न सांगता कुणाच्या लक्षात येत नाही.

वरच्या खोलीतला लातूरकडचा भाडेकरू जाताना तो मला देऊन गेला. जाड, काळा, डब्यासारखा. बोट फिरवायची खालची पट्टी मेलेली. पण कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बी या अक्षरांच्या बेचक्यात, एक लाल रबरी मणी होता. त्यावर बोट टेकवून जिकडे रेटावं तिकडे पडद्यावरचा बाण पळायचा. बोट जागच्या जागी, बाण गावभर. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, तुज्या लॅपटॉपला पुटकुळी आलीया." मी म्हणायचे, "असू दे. तुमच्यागत कोनाचा मागून तर आनला न्हाई."

नोकरीची ऑनलाइन परीक्षा आली ती नेमकी खंडेनवमीला. कंपनी आमच्याच शिवारात, पण परीक्षा घेणारे कुठले तरी लांबचे. चुकली तर पुन्हा नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

सकाळी अंघोळ करून आले तर लॅपटॉप देवघरासमोर पाटावर. कोयता, खुरपं, ट्रॅक्टरचा पाना यांच्या शेजारी उघडा मांडलेला. वर झेंडू, अक्षता, आणि लाल मण्यावर ओलं कुंकू.

"आई, हे काय केलंस!"

"काय म्हंजी? तुजं अवजार न्हाई व्हय ते? कुकवाची जागा तर बनवनाऱ्यानंच सोडलीया."

मी उचलायला वाकले तसे वडील ओरडले, "हात लावू नको! पुजल्यालं अवजार आज उचलत न्हाईत."

"आबा, आत्ता परीक्षा हाय माजी."

"उद्या दे."

"उद्या घेत न्हाईत ते. आज गेली म्हंजी नोकरी गेली."

आबा त्या दिवशी ट्रॅक्टरसुद्धा शेडबाहेर काढत नाहीत. बराच वेळ मिशी ओढून त्यांनी निवाडा दिला, "उचलायचं न्हाई. हितंच बसून बोटानं काय होतंय ते कर."

उत्तरं नुसती निवडायची होती. मी पाटासमोर मांडी घातली. पडद्यावरून परीक्षक म्हणाला, "मॅडम, लॅपटॉप उठाके पूरा कमरा दिखाइए."

"सर, उठा नहीं सकते. पूजा में है."

परीक्षा आता रद्द होणार, असंच मला वाटलं. तेवढ्यात आईनं पाटाला दोन्ही हात लावले आणि कोयत्या-खुरप्यासकट अख्खा पाट जात्यासारखा गोल फिरवला. भिंत, चूल, दारातले आबा, सगळं त्याला दिसलं. आई आबांना म्हणाली, "उचलला का? फिरवला."

"कमरे में और कोई नहीं चाहिए," आवाज आला. ज्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कुणी जात नाही ते आबा, त्या आवाजाच्या शब्दावर अंगणात गेले. मागून आई.

ओल्या कुंकवावरून बोट घसरायचं. बाण आपोआप वर सरकायला लागला की मी बोट काढून घ्यायचे, तो थांबला की पुन्हा टेकवायचे. घड्याळ पळत होतं. खिडकीतून आबांचा दबका आवाज येत होता, "बाण सरकतुया का?" आणि आई त्यांना गप्प करत होती. शेवटचं उत्तर दिलं तेव्हा बोट लालभडक झालं होतं.

निकाल लागला, मी पास झाले. आबांनी गावात सांगितलं, "अवजार पाटावरनं हलू दिलं न्हाई, तरी पोरगी नोकरीला लागली." आईनं पेढा आधी लॅपटॉपपुढं ठेवला, मग मला दिला. बी.कॉम. मी केलं होतं, परीक्षाही मीच दिली होती. पेढा खाल्ला आणि दुसरा मागितला.