केळीवाल्यांची लेक

माझ्या थोरल्या जावेचा नातेवाईक नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि तो जन्मलाच, तर त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी हिच्याच हातात असेल. वडसा ते नागभीड हा रेल्वेचा प्रवास काही मोठा नाही. पण शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ही आधी गाव विचारते, मग आईचं माहेर, मग आजीचं, आणि ब्रह्मपुरी यायच्या आत ती बाई हिच्या मावसनणंदेची भाची निघालेली असते. नागभीडला उतरताना दोघी गळ्यात गळा घालतात आणि मी दोघींच्या पिशव्या सांभाळत उभी राहते. एकदा तिकीट तपासनीस आला, तर तिने तिकीट पुढे करायच्या आधी त्याचं आडनाव विचारलं आणि त्याच्या सासूच्या गुडघेदुखीवर आली. तो घाईघाईने पुढच्या डब्यात गेला तो परत दिसला नाही.

थंडीत आमच्या वडशातून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. अशाच एका झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाने दुसऱ्या अंकात बायकोला घराबाहेर काढलं. मंडप हळहळला. आमच्या बाई, म्हणजे ही थोरली जाऊच, उठल्या आणि मध्यंतरात थेट पडद्यामागे गेल्या. तो नट म्हणे तिच्या चुलतबहिणीचा जावई. "काहो जवाईबापू," ती त्याला म्हणाली, "बायकोले असं भाईर काढतेत काय? सासऱ्याले सांगू काय तुमच्या?" बिचाऱ्याने एका हाताने सुटलेली मिशी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने तिचे पाय धरले. तिसऱ्या अंकात त्याच्या आवाजातला सगळा दम गेला होता. पैसे देऊन बसलेल्या लोकांचं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं असं नाही. मी एकुलती एक. आईवडील गेले, माहेरचं घर गेलं. माझे नातेवाईक मोजायला एका हाताची बोटं पुरतात आणि त्यातली दोन माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं वडशात बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे धान भरायची पोती. नवरे मिलवाल्यांकडे फिरत असतात आणि दुकान खरं म्हणजे आम्हीच चालवतो. मी गिऱ्हाईक बघते आणि बाई थप्पीला टेकून, दाभणात सुतळी ओवून, फाटकी पोती शिवतात. पोतं शिवता शिवता कोण कोणाचं कोण लागतं ते सांगतात आणि मी "हं" म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या दुपारी अशाच गेल्या. सगळ्या जगाची ती नातेवाईक होती हे खरं; पण दुपारची ती माझी होती.

यात बिब्बा घातला तिच्या पुण्याच्या मुलीने. आईचा नाद ओळखून तिने एक नळी पाठवली. नळीत थुंकायचं, ती परत पाठवायची आणि आपल्या रक्तात कुठलं कुठलं रक्त आहे ते कंपनी कळवते. वर, आपल्या रक्ताचे आणखी कोणी नळीत थुंकले असतील तर त्यांचीही नावं मिळतात. थुंकण्याच्या बाबतीत आमच्या भागाला कोणी काही शिकवायची गरज नाही. पण थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं नाही, ही अट बाईंनी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याला लागू धरली नाही. "खर्रा काई खानं होय काय वो? थो त चघळनं होय!" पहिली नळी खर्ऱ्याने लालभडक भरली. मुलीने कपाळाला हात लावला आणि दुसरी पाठवली. दुसऱ्या वेळी मी समोर घड्याळ घेऊन बसले. म्हणजे बघा, या कामात माझाही हात आहे.

बाईंचं माहेर नागभीडजवळचं, तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं घर. माणसं आपल्यासारखीच सावळी, पण दर पिढीत एखाद्याचे डोळे मांजरीसारखे घारे. बाईंचेही आहेत. गावात त्या घराला 'केळीवाले' म्हणतात. आता त्या गावात धान पिकतं, मासे मिळतात, मोहफुलं वेचता येतात. केळीचं झाड मात्र पूजेच्या खांबालाही मिळत नाही. तरी केळीवाले. बाईंचे वडील सांगायचे की कधीकाळी आपली केळीची बाग होती, रानडुकरांनी नासवली. बाग कुठे होती, असं विचारलं की ते तळ्याकडे बोट दाखवायचे.

अहवाल मोबाइलवर आला, तो वाचायला बाईंनी माझ्याकडे दिला, कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मी वाचत गेले. थोडं रक्त आयर्लंडचं निघालं होतं. खाली तिकडच्या जिवंत नातेवाइकांची नावं होती. मी पहिलं नाव वाचलं, "ब्रिजिड केली."

बाईंचा दाभण थांबला. "काय म्हनलं?"

"केली. आडनाव आहे."

"केळी?"

"केळी नाही बाई, केली."

"थेच त म्हनून राह्यली मी!" ती पोत्यांवरून उठली, परत बसली, आणि फाटक्या पोत्यात तोंड घालून हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. इंग्रजांच्या काळात नागभीडची छोटी रेल्वेलाइन टाकत होते तेव्हा कोणी गोरा मिस्त्री रुळांच्या कामावर आला होता आणि तळ्यावरच्या घरात राहिला होता, एवढं तिच्या आजीने कधीतरी हळू आवाजात सांगितलं होतं. पणजीला एक मुलगा झाला आणि मिस्त्री हिवतापाने गेला. त्याचं नाव पुढे कोणी घेतलं नाही. पण गाव ते घेतच होतं, चारचौघांत, मोठ्याने, आणि कोणालाच पत्ता नव्हता. ते जोडून दिलं मी. स्वतःच्या पायावर असा नेम धरून धोंडा दुसऱ्या कोणी पाडला नसेल.

कारण त्यानंतर माझ्या दुपारी संपल्या. आयर्लंडात केली म्हणजे आपल्याकडचे मेश्राम, दगड फेकला तर केलीलाच लागेल. पण बाईंनी चिकाटीने विचारून विचारून नक्की केलं की ब्रिजिड ही त्या मिस्त्रीच्या सख्ख्या भावाची नात. मेंढ्या पाळते, विधवा आहे, बाईंहून थोडी लहानच आहे. ती म्हणाली, आपण कझिन. बाईंना ते मुळीच पटलं नाही. "कझिन म्हंजे काई नाई वो. थे त इंग्रजीचं पोतं होय, कोनालेबी कोंबा त्यात." बोटांवर पिढ्या घालून तिने ठरवलं की ब्रिजिड तिच्या बापाच्या पिढीची, म्हणजे आत्या. मग व्हिडिओ कॉलवर ती आत्याच्या पाया पडली. मोबाइलच्या काचेला हात लावून. तिकडे त्या बाईला नुसता एक मोठा तळहात दिसला असणार. तिनेही आपला तळहात काचेला लावला. मी पोती मोजत होते; मोजणी चुकली.

रोज दुपारी तिकडे सकाळ होते, म्हणून रोज दुपारी कॉल. बाईंचं मराठी मोबाइल इंग्रजीत करून बोलायचा आणि तिकडचं इंग्रजी मराठीत. मेंढ्यांना काय खाऊ घालता, सुनेचं पटतं का, केस कुठल्या तेलाने असे लाल झाले. मला कोणी काही विचारत नव्हतं आणि मी मुद्दाम मिलवाल्यांशी मोठ्याने बोलत होते. जावेच्या आत्याला मराठीत शब्द नाही. मी आठवून पाहिला. आतेसासू नाही, मामेसासू नाही, कोणीच नाही. बरंच झालं, म्हटलं.

एक दिवस बाईंनी हात धरून ओढलं. "इकडे ये वो, तुले पाहाले मागून राह्यली थे." तिच्या वाटणीचं पोतं मी शिवत होते, तशीच मागे उभी राहिले, चेहरा दुकानातलाच ठेवून. बाई मोबाइलला म्हणाल्या, "हे माही जाऊ."

मोबाइल इंग्रजीत म्हणाला, "लेट मी गो."

पलीकडची बाई एकदम गंभीर झाली. बाईंनी परत सांगितलं, जोर देऊन, "जाऊ! जाऊ!" मोबाइलही जोरात म्हणाला, मला जाऊ द्या, मला जाऊ द्या. ब्रिजिडने माझ्याकडे पाहिलं. माझी उंची, माझा चेहरा, माझ्या हातातला दाभण. मग हळू आवाजात तिने बाईंना विचारलं, ही मागची बाई तुला सोडत नाही का?

मोबाइलने ते शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. मला हसू यायला हवं होतं. पण मला वाटलं, सात समुद्रांपलीकडच्या बाईने एका नजरेत ओळखलं.

बाईंनी हसून हसून ठसका लागल्यावर समजावलं, नवऱ्याच्या भावाची बायको. ब्रिजिड म्हणाली, अच्छा, म्हणजे रक्ताचं नातं नाही. वाईट मनाने म्हणाली नाही. तिच्यासाठी तो नुसता हिशेब होता. बाईंचं हसू मात्र गेलं.

"रक्ताचं काय घेऊन बसली आत्या? रक्ताचं नातं त मच्छरासंगबी रायते."

मोबाइलने याचं काय केलं कोण जाणे. ब्रिजिडने मान हलवली आणि म्हणाली, हो, आमच्याकडेही पाऊस आहे.

यंदा मुलीने बाईंना तिकडे न्यायचं ठरवलं. "तू बी चाल," बाई म्हणाल्या. म्हटलं, नवं धान निघायच्या दिवसांत दुकानात कोण बसेल? ते खरंही होतं. पण तिकडे जाऊन मी कोण म्हणून उभी राहणार होते? वडशाच्या स्टेशनवर तिने मला दहा वेळा सांगितलं की जेवत जाजो. मी म्हटलं, गाडी सुटेल, चढा.

परवा मी दुकान आवरत होते तेव्हा तिचा कॉल आला. तिथे दुपार. साडीवर दोन स्वेटर, पायात कोणाचे तरी मोठे मोजे. सगळे चांगले आहेत, म्हणाली. मिस्त्रीच्या आईबापाची कबर दाखवली, तिथे नारळ फोडायला दगड मिळाला, घरभर लोक भेटायला येतात. मी म्हटलं, मग मजा आहे.

"मजा हाये वो," ती म्हणाली. "पन दिवसभर हासून हासून गाल दुखते. काई बोलाव, त आधी मोबाइल काढाव लागते." मग म्हणाली, "तू बोलू नोको. काम कर आपलं. फोन पोत्यावर ठेव. आयकू दे मले दुकान."

मी मोबाइल थप्पीवर टेकवून ठेवला. उशिरा आलेल्या एका मिलवाल्याशी घासाघीस केली, पोती टाकली, सुतळी संपल्याचं नवऱ्याला ओरडून सांगितलं. सगळं नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. तिनेही तिकडे मोबाइल कशाला तरी टेकवला होता. शेगडीजवळच्या खुर्चीत, स्टुलावर पाय ठेवून ती बसलेली दिसत होती.

थोड्या वेळाने पाहिलं तर तिचा डोळा लागला होता. तोंड अर्धवट उघडं. लाल केसांची ती बाई आवाज न करता आली आणि तिने बाईंच्या अंगावर लोकरीची शाल घातली. पायातले मोठे मोजे काढून ठेवले. शाल गुडघ्यांपर्यंतच पुरली. पाय उघडे राहिले की आमच्या बाईंना झोप येत नाही; कितीही उकाडा असो, पावलांवर पदर लागतो. त्या बाईला हे कुठून माहीत असणार? मी मोबाइल तोंडाजवळ नेला. पाय झाक, एवढं सांगण्यापुरतं इंग्रजी मला येतं.

पण बाई गाढ झोपल्या होत्या. पाय उघडे होते, तरीही.